अगस्त्यकूटाची वनयात्रा

केरळ-तामिळनाडूच्या सरहद्दीवर १८६८ मीटर उंच उभे असलेले अगस्त्यकूट, वनखात्याचा परवाना मिळविण्याची यातायात सोसूनही, वनस्पतिप्रेमी गिर्यारोहकाने अवश्य पाहावे. बोनाकाडहून निघणारी वाट सदाहरित अरण्यातून अतिरुमलाच्या मुक्कामी पोहोचते. शिखरालगतचे कातळ मात्र दोरांच्या आधारानेच चढावे लागतात. ज्याची फळे खाऊन काणी आदिवासी दीर्घ पायपिटीतही थकवा दूर ठेवतात, ते ‘आरोग्यपच्चा’ याच अरण्यातले. आणि पादुकेच्या आकाराचे पिवळे फूल धारण करणारी, संग्राहकांच्या लोभामुळे अत्यंत दुर्मीळ झालेली ड्रुरीची आमरी नैसर्गिक अवस्थेत याच डोंगररांगांत आढळते. तिचे नेमके स्थान, माझ्या मते, कोणीही जाहीर करू नये. माथ्यावर अगस्त्यमुनींची मूर्ती असून निरभ्र दिवशी दोन्ही राज्यांतील पर्वतश्रेणी दृष्टीस पडतात. परवाने बहुधा जानेवारी ते मार्च या काळासाठीच मिळतात.