पाणवनस्पतींची मूक साक्ष

पुणे शहरात मुळा आणि मुठा या दोन नद्यांचा संगम होतो. तेथून मुळा-मुठा या जोडनावाने ओळखला जाणारा प्रवाह पूर्वेकडे वाहतो आणि हवेली तालुक्यातील लोणी काळभोरच्या परिसरातून पुढे जाऊन भीमेला मिळतो. लोणी काळभोरजवळ कवडीपाट येथे नदीवर एक जुना बंधारा आहे. तेथे पाणी संथ होते, गाळ साचतो आणि हिवाळ्यात चक्रवाकासारखे दूरदेशीचे पाहुणे पक्षी उतरतात. जेथे पाणी असे संथ व उथळ असते, तेथील ओलसर काठाला पाणथळ जागा म्हणतात. लव्हाळे, पाणकणीस, जलपर्णी या वनस्पती अशाच जागी वाढतात.

उन्हाळा जवळ आला, की या नदीवर जलपर्णीचा हिरवागार गालिचा पसरलेला दिसतो. ते दृश्य पाहून एखाद्या वाटसरूला वाटेल, की नदी किती समृद्ध आहे! परंतु ही हिरवाई नदीच्या आरोग्याची खूण आहे काय? या प्रश्नाचे उत्तर हवे असेल, तर पाण्याखाली आणि गाळात काय चालले आहे, ते पाहिले पाहिजे.

मुळा-मुठेचे पाणी लोणी काळभोरला पोहोचते, ते पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन मोठ्या शहरांचे सांडपाणी पोटात घेऊन. घरांतील मैलापाण्याबरोबर, रस्त्यांवरून धुऊन येणाऱ्या घाणीबरोबर आणि कारखान्यांतील टाकाऊ पाण्याबरोबर शिसे, क्रोमियम, निकेल, कॅडमियम यांसारख्या धातूंचे अंशही नदीत येऊ शकतात. धातूच्या वस्तूंवर मुलामा चढविणे, विद्युतघट तयार करणे, रंग बनविणे अशा अनेक उद्योगांत हे धातू वापरले जातात. त्यांना जड धातू म्हणतात. हे नाव यथार्थ आहे. एक पेलाभर पाण्याच्या वजनाच्या मानाने तेवढ्याच आकारमानाचे शिसे ११ पटींहून अधिक आणि पारा सुमारे साडेतेरा पट भरतो.

पालापाचोळा नदीत पडला, तर तो कुजतो आणि काही काळाने नाहीसा होतो. मैलापाण्यातील घाणीचेही सूक्ष्म जीव हळूहळू विघटन करतात. धातूचे तसे नाही. धातू हा मूलद्रव्य असल्यामुळे तो कुजत नाही, सडत नाही आणि जिवाणूंना त्याचे तुकडेही करता येत नाहीत. तो केवळ जागा बदलतो. वाहत्या पाण्यातून तो मातीच्या बारीक कणांना चिकटतो, पाणी संथ झाले की त्या कणांबरोबर तळाशी बसतो आणि वर्षानुवर्षे गाळात साठत राहतो. पाणथळ जागेतील वनस्पतींची मुळे नेमकी याच गाळात रुजलेली असतात.

सर्वच धातू वनस्पतींचे शत्रू आहेत, असे मात्र नाही. तांबे आणि जस्त हे धातू अत्यल्प प्रमाणात मिळाले नाहीत, तर रोपाची वाढ खुंटते. म्हणून मुळे ते जमिनीतून आवर्जून शोषून घेतात. पण मीठ चिमूटभर घातले तर भाजीला चव येते आणि मूठभर घातले तर ती फेकून द्यावी लागते. तसेच या धातूंचे आहे. कॅडमियमचा प्रकार आणखी वेगळा. त्याचे रासायनिक गुणधर्म जस्ताशी मिळतेजुळते असल्यामुळे मुळाला दोहोंतील भेद नीट ओळखता येत नाही. जस्तासाठी उघडलेल्या दारातून कॅडमियम आत शिरतो.

एकदा आत शिरल्यावर त्याचा पहिला घाव मुळावरच पडतो. मुळाच्या टोकाशी नव्या पेशी सतत तयार होत असतात. त्यांचे विभाजन मंदावते. मुळे आखूड, जाड व तपकिरी होतात आणि त्यांवरील कोवळे तंतू कमी होतात. मुळेच दुबळी झाली, म्हणजे पाणी आणि क्षार वर कसे पोहोचणार? लोहाचा पुरवठा अपुरा पडतो आणि पाने पिवळी पडू लागतात. पानांतील हरितद्रव्याच्या प्रत्येक रेणूच्या मध्यभागी मॅग्नेशियमचा एक अणू असतो. काही जड धातू त्याला ढकलून स्वतः ती जागा बळकावतात. मग ते हरितद्रव्य सूर्यप्रकाशाचा उपयोग करून घेऊ शकत नाही, रोपाला अन्न कमी मिळते आणि त्याची उंची, पानांची संख्या व फुलोरा या सर्वांवर परिणाम होतो.

शास्त्रज्ञ हा परिणाम एका सोप्या रीतीने मोजतात. डबक्यांतील पाण्यावर तरंगणारी, मसुराच्या दाण्याएवढ्या पानांची एक चिमुकली वनस्पती असते. तिची सारखीच रोपे ते अनेक भांड्यांत ठेवतात. एका भांड्यात शुद्ध पोषक पाणी असते. इतरांत धातूचे प्रमाण क्रमाक्रमाने वाढविलेले असते. सात दिवसांनंतर प्रत्येक भांड्यातील पाने मोजली जातात. शुद्ध पाण्यात पाने अनेक पटींनी वाढलेली असतात. धातूचे प्रमाण जसे वाढते, तशी ती संख्या घटत जाते.

वनस्पती हा मारा मुकाट्याने सोसतात, असे मात्र समजू नका. पाणकणसासारख्या वनस्पतींच्या देठांत हवेच्या पोकळ्या असतात. त्यांतून प्राणवायू खाली मुळांपर्यंत उतरतो आणि थोडा आसपासच्या गाळात झिरपतो. त्यामुळे गाळातील लोह गंजते आणि मुळांभोवती तांबूस लेप तयार होतो. हा लेप पुष्कळसे धातू बाहेरच अडवून धरतो. जे आत शिरतात, त्यांना पेशींतील विशिष्ट पदार्थ जखडून टाकतात आणि पेशीतील एका कोठडीत बंद करून ठेवतात. बहुतेक धातू अशा रीतीने मुळांतच राहतात आणि पानांपर्यंत थोडेच पोहोचतात. तथापि, या संरक्षणासाठी रोपाला आपली शक्ती खर्च करावी लागते व तेवढी त्याची वाढ उणावते.

आता आपल्या प्रश्नाकडे वळू. धातू वाढ खुंटवितात, तर मग नदीवर जलपर्णी इतकी का माजते? याची दोन कारणे आहेत. मैलापाण्यात नत्र आणि स्फुरद यांचा मुबलक साठा असतो. ते जलपर्णीचे आवडते खाद्य होय. शिवाय मूळची दक्षिण अमेरिकेतील ही वनस्पती मोठी काटक आहे. धातू मुळांत साठवूनही ती वाढत राहते. ज्या वनस्पती तेवढ्या काटक नाहीत, त्या प्रदूषित पाण्यात मागे पडतात. त्यात जलपर्णीच्या दाट आच्छादनामुळे पाण्याखालच्या वनस्पतींना प्रकाशही मिळेनासा होतो. तेव्हा तो हिरवा गालिचा म्हणजे समृद्धी नव्हे. पाण्यात नको ते मिसळले आहे, याची ती मूक साक्ष आहे.

जलपर्णी धातू शोषून घेते, म्हणजे नदी आपोआप शुद्ध होते काय? तसेही नाही. तिने धातू नष्ट केलेला नसतो. केवळ उचलून धरलेला असतो. ती पाण्यातच मेली आणि कुजली, तर धातू पुन्हा गाळात जातो. म्हणून ती वेळीच काढली पाहिजे आणि जेथे धातूंचे प्रमाण अधिक असेल, तेथील जलपर्णी तपासल्यावाचून जनावरांना घालू नये वा शेतात खत म्हणून टाकू नये.

ही सावधगिरी का हवी, हे जपानच्या अनुभवावरून कळते. तेथील तोयामा प्रांतात जिंझू नावाची नदी आहे. वरच्या अंगाला असलेल्या खाणीतून कॅडमियम तिच्या पाण्यात येई. तेच पाणी भातखाचरांत जात असे. भातखाचर ही माणसाने तयार केलेली पाणथळ जागाच होय. भाताच्या रोपांनी कॅडमियम शोषला आणि तो दाण्यांत उतरला. असे पीक वरून निरोगी दिसत असतानाही त्याचा दाणा अपायकारक असू शकतो. तो भात वर्षानुवर्षे खाणाऱ्या अनेकांची मूत्रपिंडे निकामी झाली, हाडे ठिसूळ झाली. असह्य वेदनांमुळे या रोगाला ‘इताई-इताई’, म्हणजे ‘दुखते, दुखते’, असे नाव पडले. १९६८ साली जपान सरकारने कॅडमियम हे त्याचे कारण असल्याचे मान्य केले. पुढे शेतांतील दूषित माती पालटण्याचे काम सुरू झाले, ते २०१२ पर्यंत चालले.

नदीत धातू सोडण्यास क्षण पुरतो. तो मातीतून काढण्यास एक पिढी खर्ची पडते. म्हणून धातू नदीत पोहोचण्यापूर्वीच, कारखान्याच्या आवारात, पाण्यातून वेगळा करणे हाच खरा उपाय होय. आपणही जुने विद्युतघट आणि रंगांचे डबे ओढ्यानाल्यांत टाकू नयेत. मुळा-मुठेच्या काठी ऊस व भाजीपाला पिकतो, आणि तिचे पाणी भीमेतून उजनीच्या जलाशयापर्यंत जाते. शहराने जे टाकले, ते खालच्या गावांच्या वाट्याला येते. मुलांनो, नदीकाठी जाल तेव्हा केवळ हिरवा रंग पाहून समाधान मानू नका. किती प्रकारच्या वनस्पती तेथे आहेत, त्यांची पाने टवटवीत आहेत की पिवळी, हे निरखून पाहा. त्यांना बोलता येत नाही. पण आपल्या पाण्याची हकिकत त्या आपल्या वाढीतून सांगत असतात.