घरबांधणीचा माल वाहण्यासाठीं कोणती गाडी घ्यावी?

भातझोडणी उरकली कीं महाड-पोलादपूर भागांतील शेतकरी घराच्या कामास लागतो. कोणास गोठा पक्का करावयाचा असतो, कोणास पडवी वाढवावयाची असते. आणि २२ जुलै २०२१ च्या महापुरानंतर तर पुष्कळांना जोत्यापासून आरंभ करावा लागला. अशा वेळीं दर फेरीस भाडें मोजण्यापेक्षां स्वतःचीच मालवाहू गाडी कां घेऊं नये, असा प्रश्न घरोघर निघतो. आमच्या घरींही तो निघाला, आणि त्याचा निकाल आम्हीं प्रथम चुकीचा लावला. आमचे शेतकरी बंधु त्या चुकींतून वांचावे, एवढ्याच हेतूनें हा लेख लिहीत आहों.

आम्हीं पाऊण टन भार वाहणारी एक जुनी लहान गाडी घेतली. किंमत बेताची, वाडीच्या अरुंद रस्त्यावर सहज वळणारी, तेल कमी पिणारी. याहून अधिक काय पाहावयाचें, असें वाटलें. पहिल्याच आठवड्यांत जांभ्याचे पन्नास चिरे भरले. हौद्यांत एक थर पुरा होऊन दुसरा नुकताच सुरू झाला होता. गाडी रिकामीच दिसत होती. पुतण्या चालवीत होता. आंबेनळी घाटाकडील चढावर मागचा पाटा मोडला, गाडी अडली आणि मागें घसरूं लागली. बरोबरच्या गड्यानें उडी टाकून चाकाखालीं चिरा लावला, म्हणून ती थांबली. मागें दरी होती. दोष गाडीचा नव्हता. घरीं येऊन एक चिरा तोलून पाहिला, तो सुमारें तीस किलो भरला. पन्नास चिऱ्यांचे दीड टन झाले! दुप्पट ओझें घालून बैलास डोंगर चढावयास लावावें, तसेंच आम्हीं केलें होतें.

यावरून पहिला नियम हा कीं, घरबांधणीचा माल डोळ्यांनीं मोजूं नये, वजनानें मोजावा. पेंढा किंवा आंब्याच्या पेट्या भरल्या तर हौदा आधीं भरतो व भार मागून होतो. चिरा, रेती, सिमेंट यांचें नेमकें उलट आहे. हौदा अर्धा रिकामा असतांच गाडीची शक्ति संपते. सिमेंटचें पोतें ५० किलोचें, म्हणजे वीस पोत्यांचा एक टन. वीट साधारण तीन किलोची धरावी. पांचशें विटा दीड टन होतात. बारा मिलिमीटरची चाळीस फुटी सळई पावणेअकरा किलो भरते. आणि एक ब्रास रेती, म्हणजे शंभर घनफूट, कोरडी असली तरी साडेचार टनांच्या आसपास जाते. भिजलेली त्याहून जड.

आतां गाड्यांकडे पाहूं. २००५ सालीं निघालेली टाटा एस, जिला लोक ‘छोटा हत्ती’ म्हणतात, ती पाऊण टनाच्या वर्गांतली. तिच्यावर अशोक लेलँडची दोस्त व महिंद्राची बोलेरो पिकअप या जातीच्या गाड्या. यांत सुमारें सव्वा टनापासून १.७ टनांपर्यंतचे प्रकार मिळतात. एक ब्रास रेतीस छोट्या गाडीच्या सहा, तर मोठ्या पिकअपच्या तीन फेऱ्या लागतात. म्हणून आमचें मत असें कीं, रेती व खडी यांस भाड्याचा टिपरच बरा. स्वतःची गाडी सिमेंट, कौलें, लांकूड, फरशी व थोडे थोडे चिरे यांसाठीं घ्यावी, आणि घर झाल्यावर ती भात व आंबा वाहील काय, याचाही विचार आधींच करावा. आमच्या डोंगराळ भागांत दीड टनाच्या कामास १.७ टनांचीच गाडी पाहावी.

विकणारा सांगेल त्यावर विसंबूं नये. नोंदणीपत्रांत एकूण वजन व रिकामें वजन हे दोन आंकडे असतात. पहिल्यांतून दुसरा वजा करावा, बाकी राहील तोच आपला भार. त्यांतही चालक व गडी आलेच. जुनी गाडी घेतांना फाळके उंच केलेले किंवा पाटे वाढविलेले दिसले, तर तिनें पूर्वीं काय सोसलें हें ओळखावें. गाडी भरूनच चालवून पाहावी: चढावर मध्येंच थांबवावी, हातब्रेक धरतो काय पाहावें, मग पुन्हां उचलून पाहावी. उतरतांना ज्या गिअरांत चढलों त्याच गिअरांत उतरावें. नुसत्या ब्रेकवर उतरल्यास ते तापून निकामी होतात.

तहसील कचेरींत आमची नोकरी गेल्यामुळें कायद्याविषयीं दोन शब्द सांगणें प्राप्त आहे. जादा भारास २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणें वीस हजार रुपये दंड, वर प्रत्येक जादा टनास दोन हजार. हलक्या वाहनाचा परवाना असणाऱ्यास ७५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवितां येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानें ६ नोव्हेंबर २०२४ रोजीं दिला आहे. परंतु रेती, खडी व चिरा हीं गौण खनिजें होत. वाहतूक पास गाडींत नसेल, तर जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ४८ खालीं मालाच्या बाजारभावाच्या पांचपटीपर्यंत दंड होऊं शकतो व गाडीही अटकविली जाते. “माल दुसऱ्याचा, मी नुसता वाहणारा” हें उत्तर देणारे गाडीमालक आम्हीं कचेरींत पुष्कळ पाहिले. त्या उत्तरानें कोणाची गाडी सुटलेली पाहिली नाहीं.

माल पावसापूर्वीं आणावा. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं सावित्रीवरील जुना पूल पुरांत कोसळून एस.टी.च्या दोन गाड्या वाहून गेल्या, हें महाडकर विसरलेले नाहींत. वाडीवरचा साकव तर त्याहून दुबळा. त्याच्या अंगावर जादा भार घालूं नये. तसेंच २० मार्चला माल शहरांत आणूं नये. १९२७ सालीं त्या दिवशीं डॉ. आंबेडकरांनीं चवदार तळ्याचें पाणी प्राशन केलें, त्याच्या स्मरणार्थ दूरदूरचे लोक येथें येतात व तळ्याभोंवतीचे रस्ते माणसांनीं भरून जातात.

शेवटीं, गाडी घेण्यापूर्वीं एक वर्ष वहींत फेऱ्या टिपून ठेवाव्या. हप्ता, विमा, टायर व योग्यता-प्रमाणपत्राचा खर्च एका बाजूस आणि भाड्याचा आंकडा दुसऱ्या बाजूस मांडावा. आम्हीं लहान गाडी विकली, घर पुरें होईपर्यंत भाड्यावर भागविलें, आणि मग वही पाहून मोठी पिकअप घेतली. पुतण्या आतां चिरे मोजून भरतो. पन्नासावा चिरा हौद्यांत गेला कीं फाळका लावून घेतो. जागा उरलेली असते, पण ती तो उरूं देतो.