दोष टाकीत दिसतो, टाकीआधी जन्मतो

पावडर कोटिंगचा पोपडा निघाला किंवा फॉस्फेटचा थर पट्ट्यापट्ट्यांचा आला, की पहिला संशय फॉस्फेटच्या टाकीवर जातो. केमिकल वाढवा, टोनर (वेग वाढवणारे ऑक्सिडीकारक) टाका, नाहीतर टाकीच उपसा. फॉस्फेटिंगच्या प्रक्रियेचा शंभराहून अधिक वर्षांचा प्रवास पाहिला, तर हा संशय बहुतेक वेळा चुकीच्या जागी जातो असे मला वाटते, आणि त्याचे कारणही त्या प्रवासातच सापडते. फॉस्फेटिंगने जसजसा वेळ वाचवला, तसतशी आधीच्या चुका पोटात घालण्याची टाकीची ताकद गेली.

थॉमस वॉट्स कॉस्लेट यांनी 1906 साली इंग्लंडमध्ये पेटंट घेतले. त्यांची रीत फॉस्फोरिक आम्लात लोखंडाचा कीस घालण्याची होती आणि वस्तू उकळत्या द्रावणात दोन-अडीच तास ठेवावी लागे. एवढा वेळ हाताशी असल्यावर आम्ल पृष्ठभाग सावकाश कोरून काढी. हलका गंज, किरकोळ डाग यांचा निकाल बराचसा टाकीतच लागे. 1929च्या सुमारास तांब्याच्या क्षारांमुळे हा वेळ दहा मिनिटे ते एक तास इतका उतरला, 1933मध्ये ऑक्सिडीकारकांमुळे पाच मिनिटांवर आला आणि 1937मध्ये फवाऱ्याच्या पद्धतीने साठ ते नव्वद सेकंदांवर. मोटारींच्या उत्पादनाला हाच वेग हवा होता. पण या नव्वद सेकंदांत बरेच काही घडावे लागते. आम्ल लोखंडाला खाते, हायड्रोजन सुटतो, पृष्ठभागालगतच्या द्रावणाची आम्लता उतरते आणि तिथे झिंक फॉस्फेटचे स्फटिक बसू लागतात. तेलाचा पापुद्रा जिथे राहिला, तिथे आम्ल धातूपर्यंत पोचतच नाही, मग स्फटिकाने पाय रोवायचे कुठे? पूर्वी दोन तासांत झाकला गेला असता तो डाग आता तसाच उघडा राहतो.

या कहाणीतला सर्वात बोलका टप्पा 1943चा आहे. त्या वर्षी वेस्टिंगहाऊसच्या जॉर्ज जर्नस्टेट यांना टायटॅनियमयुक्त डायसोडियम फॉस्फेटचे पेटंट मिळाले. जहाल अल्कली किंवा पिकलिंगचे आम्ल यांतून निघालेल्या पृष्ठभागावर स्फटिक मोजके आणि भरड येतात. फॉस्फेटच्या आधी अशा सौम्य द्रावणात जॉब बुडवला की स्फटिकांची बीजे दाट पडतात आणि थर बारीक, एकसारखा बसतो. म्हणजे थराचा पोत ठरवणारी जागा उघडपणे फॉस्फेटच्या टाकीबाहेर गेली. हीच ॲक्टिव्हेशनची टाकी सर्वात नाजूकही आहे. तिच्यातले टायटॅनियमचे सूक्ष्म कण जड पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमने निकामी होतात आणि एकही जॉब न बुडवता, नुसत्या दिवसांनीही म्हातारे होतात. भोसरी-चाकणच्या कारखान्यांतल्या सेव्हन टँक (सात टाक्यांच्या) प्रोसेसमध्ये बोअरचे पाणी वापरले, तर थर भरड येण्याचे कारण या टाकीत आधी शोधावे. दोष याहूनही मागे जाऊ शकतो: 1970च्या दशकात अमेरिकी वाहनउद्योगातल्या संशोधनाने दाखवले की पत्र्याच्या पृष्ठभागावर कार्बनचा अवशेष राहिला असेल, तर फॉस्फेट करून रंगवलेला पत्रा गंजाला लवकर बळी पडतो. तो अवशेष पत्रा तयार होतानाच आलेला असतो.

यावर कुणी म्हणेल की टाकीचे रसायन बिघडतेच, त्याचे काय? बिघडते, आणि ते मोजलेच पाहिजे. फ्री ॲसिड, म्हणजे द्रावणातले मोकळे आम्ल, चढले की आम्ल धातू खातच राहते, थर विरळ येतो आणि जॉब बाहेर काढताच फ्लॅश रस्ट धरतो. उतरले की स्लज (गाळ) वाढतो आणि थरावर पांढरी भुकटी बसते. टोनर कमी पडला तर टाकीत लोह साचून थर भरड, पिवळसर होतो. जास्त झाला तर निळसर, पातळ पापुद्रा येतो. तरीही फ्री ॲसिड का हलले, हा प्रश्न उरतोच. धुण्याची टाकी थकलेली असेल तर डीग्रीझिंगची अल्कली जॉबबरोबर पुढे येऊन फ्री ॲसिड मारते. पिकलिंगचे आम्ल आले तर फ्री ॲसिड चढते आणि सोबतच्या क्लोराइडने गंजाला आमंत्रण मिळते. अशा वेळी केमिकल ओतून ब्युरेटवरचा आकडा जागेवर येतो, पण चार बास्केटनंतर पुन्हा घसरतो.

माझ्या मांडणीला खरा अपवाद एकच दिसतो. 1976पासून मोटारींवर कॅथोडिक इलेक्ट्रोकोटिंग आले आणि रंगाखाली गंज सुरू झाल्यावर तयार होणाऱ्या अल्कलीत साधे झिंक फॉस्फेट विरघळू लागले. तिथे जॉब कितीही स्वच्छ धुतला तरी भागणार नव्हते. टाकीतले जस्त कमी करून निकेल आणि मँगनीज आणावे लागले. तो दोष टाकीचाच होता आणि टाकीतच सुधारला गेला.

फॉस्फेटऐवजी येणाऱ्या झिर्कोनियमच्या नव्या प्रक्रियांनी हा सगळा हिशेब मोडीत निघेल, हा दावा मात्र पटत नाही. फॉस्फेटचा थर काही मायक्रॉनचा असतो, झिर्कोनियमचा नॅनोमीटरांत मोजला जाणारा. इतका पातळ थर आधीची घाण झाकणार कसा? त्यामुळे धुतलेला जॉब उभा धरून त्यावरचा पाण्याचा पडदा अखंड राहतो की फुटतो, ही फुकटची परीक्षा तिथेही तितकीच लागू आहे. फॉस्फेटच्या टाकीचे टायट्रेशनचे पॉइंट जिथे रोज लिहिले जातात, तिथे शेजारच्या रकान्यात या पडद्याची आणि धुण्याच्या पाण्याच्या पीएचची नोंदही हवी.