अम्मानचे सांडपाणी, खोऱ्यातली काकडी

अम्मान : आमच्या भागात नळाला आठवड्यातून एकदा पाणी येते. गच्च्यांवर टाक्यांच्या रांगा असतात आणि पाण्याच्या दिवशी घरोघरी धुण्याची घाई उडते. माणशी वर्षाला 500 घनमीटरहून कमी पाणी म्हणजे तीव्र टंचाई मानतात. जॉर्डनकडे शंभरसुद्धा नाही. तरीही ऐन थंडीत इथल्या मंडईत टोमॅटो-काकडीचे ढीग लागतात.

हा माल येतो जॉर्डन नदीच्या खोऱ्यातून. खोरे समुद्रसपाटीच्याही खाली, त्यामुळे हिवाळ्यात उबदार. यार्मूक नदीचे गोडे पाणी 110 किलोमीटरच्या किंग अब्दुल्ला कालव्याने तिथे जाते. पण त्यातले बरेचसे खोऱ्यातल्या देर अल्ला गावाहून उपसून, हजार मीटरहून अधिक चढवून अम्मानला प्यायला आणतात. बदल्यात शहर आपले सांडपाणी देते. 2008 पासून ते अस-समराच्या प्रकल्पात शुद्ध होते, झरका नदीने किंग तलाल धरणात उतरते आणि पुढे शेतात ठिबकच्या नळ्यांत शिरते. तहानलेले शहर आणि तहानलेले शिवार यांच्यातली ही अदलाबदल मला फार मोलाची वाटते. तिची किंमत मात्र शेतकरी मोजतो. या पाण्यात खतांशाची भर असते, तसा खारही असतो. जमीन धुऊन काढायला जास्तीचे पाणी लागते, ठिबकची छिद्रे बुजतात. खार सोसणारा खजूर म्हणूनच खोऱ्यात वाढला.

गव्हाचा हट्ट देशाने सोडला. 1980च्या दशकात दक्षिणेच्या वाळवंटात दिसीच्या हजारो वर्षांच्या भूजलावर गहू पिकवत. आता तेच पाणी 2013 पासून नळाने अम्मानला येते आणि गहू जवळपास सगळा बाहेरून. किलोभर गव्हाला हजार लिटरहून अधिक पाणी लागते. ते धान्यातून विकत घेणे मला शहाणपणाचे वाटते. मात्र बाजार भडकला की भाकरीची चिंता दारात येते, म्हणून सरकार गव्हाचा साठा राखते.

नुसत्या ठिबकनेही भागत नाही. ठिबकने वाचलेल्या पाण्यावर आणखी रान भिजवले, तर भूजलाची सुटका होत नाही. भूजल अती उपसले की काय होते, हे अझराकने दाखवले. अझराक म्हणजे पूर्वेच्या वाळवंटातले मोठे पाणथळ, स्थलांतरी पक्ष्यांचा थांबा. शहरासाठी आणि शेतीसाठी उपसा इतका वाढला की 1992मध्ये तिथले झरे आटले. आज बाहेरून पाणी सोडून त्याचा एक लहानसा तुकडा ओला ठेवला आहे.