खेळाडूचें वय आणि प्रा. देवधर

खेळाडूचें वय किती, हा प्रश्न वरवर पाहतां अगदीं सोपा वाटतो. जन्माची तारीख विचारावी, बोटांवर वर्षें मोजावीं आणि निर्णय द्यावा, इतकेंच तें काम. विसाव्या वर्षीं खेळाडू होतकरू, तिसाव्या वर्षीं ऐन भरांत, आणि चाळिशी आली कीं त्यानें बॅट खुंटीला टांगावी, अशी एक समजूत आपल्याकडे रूढ आहे. ही समजूत कितपत खरी मानावी, हें पाहण्यास पुण्याच्या प्रा. दिनकर बळवंत देवधर यांच्या क्रीडाजीवनाइतकें बोलकें उदाहरण क्वचितच सांपडेल.

देवधरांचा जन्म १४ जानेवारी १८९२ रोजीं पुण्यांत झाला. पेशानें ते संस्कृतचे अध्यापक. शिक्षण प्रसारक मंडळीनें १९१६ सालीं काढलेलें आणि पुढें सर परशुरामभाऊ महाविद्यालय या नांवानें प्रसिद्धीस आलेलें कॉलेज ही त्यांची कर्मभूमि. क्रिकेटच्या मैदानावर असंख्य पदव्या मिळाल्या तरी ‘प्रोफेसर’ ही उपाधि त्यांच्या नांवामागून कधीं सुटली नाहीं. खेळावर त्यांचें पोट अवलंबून नव्हतें. आणि खेळानेंही त्यांना फार दिवस हात सैल सोडून कांहीं दिलें नाहीं.

याचें कारण त्या काळच्या क्रिकेटच्या रचनेंत आहे. १९११ सालीं, वयाच्या एकोणिसाव्या वर्षीं, देवधर प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्यें उतरले. त्या वेळीं प्रांतांच्या स्पर्धा नव्हत्या. मुंबईस दरवर्षीं होणारी मोठी स्पर्धा जातवार असे. प्रथम युरोपियन, पारशी व हिंदु असे तीन संघ. १९१२ पासून मुसलमानांचा चौथा. आणि १९३७ पासून इतरांचा पांचवा. चांगला खेळाडू झाला तरी त्याच्या वांट्यास वर्षाकांठीं एक किंवा दोन सामने येत. शिवाय निवडीचें माप नेहमींच खेळाचें असे, असेंही नाहीं. याच हिंदु संघांतील बाळू पालवणकर हे १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यांत शंभरांवर बळी घेऊन आले, तरी चांभार जातींत जन्मल्यामुळें संघाचें नायकत्व त्यांस कधींच मिळालें नाहीं. तें मिळण्यास त्यांचे धाकटे बंधु विठ्ठल यांची पाळी यावी लागली.

देवधरांच्या खेळाचा जमाखर्च पाहिला म्हणजे संधीचा हा दुष्काळ आंकड्यांनींच दिसून येतो. सुमारें पस्तीस वर्षांच्या कारकीर्दींत ते प्रथम दर्जाचे सामने खेळले अवघे ८१. त्यांत त्यांनीं ४,५२२ धांवा केल्या; सरासरी ३९.३२, शतकें नऊ. म्हणजे वर्षास सरासरीनें दोन-अडीच सामने. त्याच पिढीचे इंग्लंडचे जॅक हॉब्ज आठशेंहून अधिक आणि विल्फ्रेड ऱ्होड्स अकराशेंहून अधिक सामने खेळले. तेथील धंदेवाईक खेळाडू एका उन्हाळ्यांत जितक्या वेळां बॅट हातीं घेई, तितक्या वेळां ती घेण्यास आपल्याकडील खेळाडूस आठ-दहा वर्षें लागत. ज्या विद्यार्थ्याची परीक्षा वर्षांतून दोनच वेळां व्हावयाची, तो सावकाश पुढें सरकतो, यांत नवल तें काय?

मग देवधरांसारखा खेळाडू वाढला तरी कोठें? तो वाढला कॉलेजच्या आणि जिमखान्यांच्या मैदानांवर. त्या काळीं आपल्याकडील पुष्कळशा मैदानांवर हिरवळीची खेळपट्टी नसे. टणक जमिनीवर काथ्याची चटई ताणून बसवीत व तिच्यावर खेळत. चटईवर चेंडू उसळतो अधिक आणि वळतोही झपाट्यानें. परंतु त्याची उसळी बहुधा सारखी असते. त्यामुळें चटईवर शिकलेला फलंदाज मागच्या पायावर जाऊन, मनगट वळवून खेळण्यांत तरबेज होतो. हिरवळीवर चेंडू कधीं खालीं राहतो, कधीं पावसानें चिकटतो. तेथें पुढचा पाय टाकून खेळण्याचें शिक्षण निराळें घ्यावें लागतें. दोन्ही प्रकार हातीं येण्यास वेळ लागतो, आणि सामने थोडे असले म्हणजे तो वेळ दुप्पट होतो.

देवधरांची पहिली मोठी परीक्षा १९२६ सालच्या हिंवाळ्यांत झाली. आर्थर गिलिगन यांच्या नायकत्वाखालीं इंग्लंडहून एम. सी. सी. चा संघ आला होता. हिंदु संघातर्फें सी. के. नायडू यांनीं १५३ धांवा ठोकून मुंबईचें मैदान गाजविलें, ही गोष्ट सर्वांच्या तोंडीं आहे. त्याच महिन्यांत त्याच पाहुण्यांविरुद्ध अखिल हिंदी संघातर्फें देवधरांनीं १४८ धांवा केल्या, ती मात्र तितकीशी स्मरणांत राहिली नाहीं. नायडूंचा खेळ वादळासारखा, तर देवधरांचा बांधीव. पण दोहोंचा परिणाम एकच झाला. हिंदुस्थानांत कसोटी सामने खेळण्याच्या लायकीचे खेळाडू आहेत, हें पाहुण्यांच्या लक्षांत आलें. पुढें १९२८ सालीं भारतीय क्रिकेट नियामक मंडळ स्थापन झालें आणि जून १९३२ मध्यें लॉर्ड्‌सच्या मैदानावर भारताचा पहिला कसोटी सामना झाला.

त्या सामन्यांत देवधर नव्हते. त्यांनीं चाळिशी गांठली होती आणि वय झालें म्हणून ते मागें पडले. संघाचे नायक नायडू त्या वेळीं छत्तीस वर्षांचे होते. चार वर्षांचें हें अंतर. पण तेवढ्यानें एकाच्या नांवापुढें कसोटी खेळाडू अशी नोंद झाली आणि दुसऱ्याच्या नांवापुढें ती कायमची कोरी राहिली.

निवड करणाऱ्यांची बाजूही समजून घेतली पाहिजे. फलंदाजाचें वय बॅटींत उशिरां दिसतें, पण क्षेत्ररक्षणांत लौकर दिसतें. कव्हरच्या किंवा मिड्‌ऑफच्या जागीं उभ्या राहिलेल्या माणसाकडे जोरानें मारलेला चेंडू सेकंदा-सव्वा सेकंदांत येऊन पोंचतो. तेवढ्या अवधींत त्याची दिशा ओळखावयाची, पाऊल उचलावयाचें, वांकावयाचें आणि उठतां उठतां यष्टीकडे फेंकावयाचें. गुडघे थोडे आंखडले कीं हें सारें क्षणभर उशिरां होतें आणि एकेरी धांवेची दुहेरी होते. अनेक महिन्यांच्या दौऱ्यांत ही उणीव रोज भोगावी लागते. तेव्हां चाळिशीच्या खेळाडूविषयीं शंका घेणें हा अविचार खास नव्हे. परंतु शंका घेणें निराळें आणि खेळाडूस न पाहतां पंचांग पाहणें निराळें. ज्या इंग्लंडकडून आपण हा खेळ शिकलों, त्याच इंग्लंडनें १९२९ सालीं मेलबर्नच्या कसोटींत सेहेचाळीस वर्षांच्या हॉब्जला खेळविलें आणि त्यानें १४२ धांवा केल्या. १९३० सालीं वेस्ट इंडीजमध्यें ऱ्होड्स खेळला तेव्हां तो बावन्न वर्षांचा होता. त्यांची जन्मतारीख तेथेंही सर्वांस ठाऊक होती. पण तिच्याबरोबर त्यांचा चालू हंगामांतील खेळही पाहिला गेला.

आतां चाळिशीनंतर देवधरांनीं काय केलें तें पहावें. १९३४-३५ सालीं रणजी करंडकाची प्रांतवार स्पर्धा सुरू झाली आणि जातीच्या संघाबरोबरच प्रांताचा संघ असा नवा ध्वज खेळाडूंच्या हातीं आला. महाराष्ट्र राज्य नकाशावर आलें तें १ मे १९६० रोजीं. परंतु महाराष्ट्र या नांवाचा क्रिकेटचा संघ त्याच्या पंचवीस वर्षें आधींच पुण्यास खेळूं लागला होता. देवधरांच्या नायकत्वाखालीं या संघानें १९३९-४० सालीं पुण्यांतच संयुक्त प्रांताचा दहा गडी राखून पराभव केला व करंडक जिंकला. पुढच्याच वर्षीं मद्रासेस जाऊन, मद्रासला सहा गड्यांनीं हरवून, तो आपल्याकडे राखला. महाराष्ट्रानें रणजी करंडक जिंकल्याचीं वर्षें आजवर हीं दोनच.

यांपैकीं दुसऱ्या वर्षींची मुंबईविरुद्धची लढत विशेष ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. सामना पूर्ण न झाल्यास पहिल्या डावांतील आघाडीवर विजय ठरावयाचा, असा स्पर्धेचा नियम. पुण्याच्या त्या सामन्यांत महाराष्ट्रानें ६७५ धांवा केल्या. उत्तरादाखल मुंबईनें ६५० पर्यंत मजल मारली. दोन डाव मिळून १,३२५ धांवा, आणि निकाल लागला तो अवघ्या पंचवीस धांवांनीं! महाराष्ट्राच्या ६७५ मध्यें पन्नाशीच्या उंबरठ्यावर आलेल्या कप्तानाच्या एकट्याच्या धांवा होत्या २४६. हीच देवधरांच्या सबंध कारकीर्दींतील सर्वोच्च धांवसंख्या. त्या दिवशीं ते तीस धांवांनीं कमी पडते, तर मुंबई पुढें जाती आणि करंडक महाराष्ट्राच्या हातून निसटता. पुढें १९४४ सालीं, पन्नाशी उलटल्यावर, नवानगरविरुद्ध एकाच सामन्याच्या दोन्ही डावांत त्यांनीं शतकें काढलीं: १०५ आणि १४१.

हें घडलें कसें? वय माणसापासून कांहीं हिरावून घेतें तसें कांहीं देतेंही. नजरेची चपळाई, पायांतील उडी आणि खांद्यांतील ताकद हीं घेतलीं जातात. त्यांच्या मोबदल्यांत मिळते ती पारख. जलद गोलंदाजाचा चेंडू बावीस यार्ड ओलांडून येण्यास सुमारें अर्धा सेकंद लागतो. एवढ्यांत सर्व कांहीं विचार करून ठरवितां येत नाहीं. गोलंदाजाचा हात, मनगट आणि पाऊल यांवरून आधींच अंदाज बांधावा लागतो. हा अंदाज अनुभवानें पक्का होतो. कोणता चेंडू सोडून द्यावा, कोणता अडवावा आणि कोणता मारावा, हें ज्याला ठाऊक आहे त्याला धांवपळ कमी करावी लागते. म्हणून त्याची शक्ति दिवसभर पुरते. शरीर मात्र नेहमींच्या व्यायामानें राबतें ठेवलें पाहिजे. तें ठेवलें नाहीं तर पारख जागच्या जागीं राहते आणि पाय जागचे हलत नाहींत. ज्याला तरुणपणीं सामने थोडे मिळाले, त्याची पारख उशिरां पिकावी, हें ओघानेंच येतें. देवधरांचा बहर चाळिशीनंतर आला, याचें एक मोठें कारण हेंच दिसतें.

वडीलकीचा आणखी एक उपयोग असतो. नायक तरुणांस वाढवूं शकतो. देवधरांच्या संघांत सांगलीचे विजय हजारे होते. १९३९-४० सालीं बडोद्याविरुद्ध पुण्यास त्यांनीं नाबाद ३१६ धांवा केल्या, तेव्हां त्यांचें वय पंचवीसही नव्हतें. पुढें हजारे बडोद्यास गेले आणि भारताचे कप्तान झाले. संस्थानिकांच्या नोकरीमुळें अनेक खेळाडू त्या काळीं असे दुसरीकडे जात. प्रोफेसर आपल्या कॉलेजांत आणि आपल्या संघांत राहिले. १९४८ च्या डिसेंबरांत भाऊसाहेब निंबाळकरांनीं पुण्यांत काठेवाडविरुद्ध नाबाद ४४३ धांवा केल्या, त्याही याच महाराष्ट्र संघातर्फें. घरांतही हीच परंपरा होती. तारा, सुंदर आणि सुमन या देवधरांच्या तीन कन्यांनीं १९४० नंतरच्या दशकांत बॅडमिंटनचीं राष्ट्रीय अजिंक्यपदें मिळविलीं. मुलींनीं मैदानावर उतरावें कीं नाहीं, याची चर्चा ज्या काळीं पुष्कळ घरांत चाले, त्या काळची ही गोष्ट आहे.

मानसन्मानांची कमतरता देवधरांस पुढें राहिली नाहीं. १९६५ सालीं पद्मश्री आणि १९९१ सालीं पद्मभूषण हे किताब त्यांस मिळाले. १९७३-७४ पासून विभागीय संघांची, ठराविक षटकांची जी स्पर्धा सुरू झाली, तिला देवधर करंडक असें नांव देण्यांत आलें. २४ ऑगस्ट १९९३ रोजीं, शंभरी ओलांडून दीड वर्ष लोटल्यावर, त्यांचें निधन झालें. परंतु १९३२ सालीं जें मिळालें नाहीं, त्याची भरपाई किताबांनीं होत नाहीं. संधि वेळेवर मिळाली तरच तिला संधि म्हणावयाचें.

शाळा-कॉलेजांतून आणि क्लबांतून आजही मुलांची निवड होते. सोळाव्या वर्षीं ज्याचें नांव यादींत आलें नाहीं, त्याच्याकडे अठराव्या वर्षीं फिरून कोणी पाहत नाहीं. आणि त्याचे आईबापही बॅट माळ्यावर टाकून मोकळे होतात. एखादा मुलगा उशिरां उमलणारा असेल, त्याला सामनेच थोडे मिळाले असतील, हा विचार करण्यास कोणास सवड नसते. वयाचा विचार करूं नये असें नव्हे. पण वय विचारण्यापूर्वीं त्या मुलास किती डाव खेळावयास मिळाले हें विचारावें, आणि मग तो आज कसा खेळतो तें स्वतःच्या डोळ्यांनीं पहावें. प्रोफेसर देवधरांच्या नऊ शतकांचा हा सरळ अर्थ आहे.