घाटमाथ्याचा पाऊस, खाडीतला मासा

आळेफाट्यावरून पहाटे निघून माळशेज घाट उतरला, मुरबाड-कल्याण मागे टाकले की दुपारच्या आत वसईच्या पाचूबंदरला पोचता येते. भाद्रपदाचे दिवस असतात. पावसाचा जोर ओसरलेला असतो, वारा नरमलेला असतो. खाडीच्या तोंडाशी गरीला कोळंबी लावून, तंगूस पाण्यात सोडून माणसे शांत बसलेली दिसतात. आळ्याच्या माणसाला एरवी समुद्र भेटतो तो आठवडे बाजारातल्या सुकट-बोंबलांत. पण या खाडीशी त्याच्या मुलखाचे नाते बाजाराहून कितीतरी जुने आहे, आणि ते घाटातच सुरू होते.

माळशेजच्या माथ्यावर पडलेला पाऊस दोन वाटांनी जातो. पूर्वेला उतरलेले पाणी पुष्पावतीतून कुकडीत येते आणि पुढे घोड, भीमा, कृष्णा असा प्रवास करत बंगालच्या उपसागराला मिळते. पश्चिमेच्या कड्यांवरून कोसळलेले पाणी काळू नदीतून उल्हासला मिळते आणि वसईच्या खाडीवाटे अरबी समुद्रात उतरते. म्हणजे घाटात ज्या धबधब्याखाली आपण भिजतो, तोच पुढे गळाच्या दोरीला भिजवतो.

हे पाणी रिकाम्या हातांनी जात नाही. सह्याद्रीचा काळा कातळ म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा बेसॉल्ट. त्यात वजनाने जवळजवळ निम्मा वाटा सिलिकाचा असतो. उष्ण हवा आणि मुबलक पाऊस यांमुळे हा कातळ झिजतो, त्यातली थोडी सिलिका पाण्यात विरघळते. जंगलातला पालापाचोळा कुजून नत्र आणि स्फुरद त्यात मिसळतात. खाडीत या शिदोरीची वाट पाहत असतात डायॅटम, म्हणजे डोळ्यांना न दिसणारी एकपेशीय शैवाले. त्यांचे कवच सिलिकाचेच असते. कातळातून सुटलेल्या सिलिकातून ती आपली काचेसारखी घरे बांधतात.

मग आषाढातच मासळीची रेलचेल का होत नाही? तेव्हा पाणी गढूळ असते. शिदोरी भरपूर, पण चिखलाच्या पडद्यातून ऊन खाली उतरत नाही, आणि उन्हाशिवाय शैवाल वाढत नाही. भाद्रपदात पूर ओसरतात, गाळ बसू लागतो, ऊन पाण्यात शिरते. डायॅटम भराभर वाढतात, त्यांच्यावर सूक्ष्म प्राणी पोसतात, त्यांच्यावर कोळंबी आणि लहान मासे. बोय तर चिखलावरचा शैवालाचा थर वाळूसकट गिळते. तिच्या जठराचा एक भाग कोंबडीच्या पेटीसारखा जाड स्नायूंचा असतो, तिथे अन्न वाळूबरोबर दळले जाते. म्हणूनच बोय गरीला क्वचित लागते, तिला पागाने, म्हणजे फेकजाळ्यानेच धरावे लागते. गरीला लागतात ते या सगळ्यांवर ताव मारायला आलेले तांबोशी आणि जिताडा.

ते कधी येतील, हे चंद्र सांगतो. भरती चढू लागली की लहान मासळी नव्याने बुडलेल्या चिखलावर चरायला येते आणि शिकारी तिच्या मागोमाग. भरतीची वेळ काढायला किनाऱ्यावर एक जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. या हिशोबामागे पक्के खगोलशास्त्र आहे. सूर्य आणि चंद्र यांच्यातले अंतर १२ अंशांनी वाढले की एक तिथी सरते. पृथ्वीला १२ अंश फिरायला ४८ मिनिटे लागतात. म्हणून दर तिथीला भरती तेवढी उशिरा येते. पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटे. घड्याळाविना केलेल्या हिशोबात दर तिथीला अवघ्या तीन मिनिटांचा फरक!

जिताड्याचा जन्मक्रम तर थक्क करणारा आहे. हा मासा गोड्या आणि खाऱ्या, दोन्ही पाण्यांत जगतो, पण अंडी घालायला खाडीच्या तोंडाशी खाऱ्या पाण्यात उतरतो. तो प्रौढ होतो नर म्हणून, आणि काही वर्षांनी त्याचीच मादी होते. त्यामुळे गळाला लागलेला मीटरभर लांबीचा, दांडगा जिताडा बहुधा आई असतो. लाखो अंडी तिच्याच पोटातून येतात. मोठ्या माशाचा मोह स्वाभाविक आहे, पण तीच सोडून देण्याजोगी असते.

घाटावरून येणारी शिदोरी फार झाली तरी घातच. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २००० साली दाखवून दिले की पावसाळ्याच्या अखेरीस आपल्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या तळाच्या पाण्यातला प्राणवायू पार खालावतो, आणि ही स्थिती तीव्र होत चालली आहे. शेतांतून वाहून येणाऱ्या रासायनिक खतांच्या नत्राकडे त्यांनी बोट दाखवले. जास्तीचे शैवाल मरते, तळाशी कुजते आणि कुजताना प्राणवायू संपवते.

आणि घाटावरून खाली केवळ खतच नाही, कचराही उतरतो. म्हणून परतीच्या वाटेवर माळशेजच्या कठड्याशी थांबल्यावर हे ध्यानात ठेवावे. पश्चिमेच्या कड्यावरून खाली फेकलेली बाटली, वेफर्सची पिशवी काळूत पडते, आणि काळूची वाट वसईच्या खाडीत संपते, जिथे काही तासांपूर्वी आपणच गरी टाकून बसलो होतो.