कचऱ्याच्या डब्यात गेलेला पट्टा : लुईस आणि बो यांचा सौदा का फिसकटला?

मुहंमद अली आणि जो फ्रेझिअर यांची ८ मार्च १९७१ रोजी न्यूयॉर्कला झालेली लढत आमच्या वाचकांपैकी थोरामोठ्यांना चांगली आठवत असेल. अली त्या दिवशी हरला. पण या पानावर आम्हाला त्या लढतीतल्या ठोशांशी कर्तव्य नाही, हिशेबाशी आहे. सैन्यात भरती व्हायला नकार दिल्यामुळे अलीचे विजेतेपद १९६७ साली काढून घेतले गेले होते. म्हणजे कागदोपत्री जगज्जेता होता फ्रेझिअर, आणि गर्दी खेचणारे नाव होते अलीचे. अशा वेळी कोणाला किती द्यायचे? लढत भरवणाऱ्यांनी दोघांनाही सारखे, प्रत्येकी २५ लाख डॉलर कबूल केले. त्या काळी ही रक्कम कोणी ऐकलीही नव्हती. दोघांनी सह्या केल्या आणि लढत झाली.

याच खेळातला दुसरा एक सौदा एकवीस वर्षांनी मोडला. माल तयार होता, गिऱ्हाईक दारात उभे होते, पैसाही मोजून ठेवलेला होता. लेनॉक्स लुईस आणि रिडिक बो यांची ही गोष्ट.

दोघांची जुनी ओळख होती. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये सर्वांत वजनदार गटाचा अंतिम सामना याच दोघांत झाला. लुईस जन्माने लंडनचा, पण लहानपणी कॅनडात गेला आणि तिथूनच खेळला. बो न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातला. दुसऱ्या फेरीत पंचांनी सामना थांबवून लुईसला विजयी ठरवले. सुवर्ण लुईसला, रौप्य बोला. ही हार बोच्या खात्यात कायमची लिहिली गेली. पुढचे सगळे समजून घ्यायचे तर ती विसरून चालणार नाही.

नंतर दोघेही धंदेवाईक झाले. १९९२ साली माईक टायसन तुरुंगात गेला होता आणि वजनदार गटाचा बाजार मोकळा पडला होता. जगज्जेता होता इव्हँडर होलिफील्ड. त्या वेळी चार जणांत असे ठरले की होलिफील्ड आणि बो आपसात लढतील, लुईस आणि रेझर रुडॉक आपसात लढतील, आणि जिंकणारे दोघे एकमेकांसमोर येतील. ३१ ऑक्टोबर १९९२ ला लंडनमध्ये लुईसने रुडॉकला दुसऱ्याच फेरीत संपवले. १३ नोव्हेंबरला लास वेगासमध्ये बोने होलिफील्डला बारा फेऱ्यांत गुणांवर हरवले. आता बोकडे डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी आणि आयबीएफ या तिन्ही संस्थांचे पट्टे आले आणि तो निर्विवाद जगज्जेता झाला. त्याच्यासमोर पहिला हक्क होता लुईसचा.

इथे या धंद्याची रीत थोडी सांगायला हवी. विजेत्याचा पट्टा संस्था देते आणि त्यासाठी योद्ध्याच्या कमाईतून आपली फी कापून घेते. त्या बदल्यात ती ठरवते की अमुक मुदतीत अमुक आव्हानवीराशी लढलेच पाहिजे, नाहीतर पट्टा परत. पैसा मुख्यतः तीन वाटांनी येतो. तिकिटविक्री, लढत आपल्याकडे व्हावी म्हणून कॅसिनोवाले देतात ती रक्कम, आणि सर्वांत मोठा वाटा म्हणजे घरबसल्या पैसे भरून टीव्हीवर पाहणाऱ्यांचा. हा सगळा पैसा एका गल्ल्यात येतो आणि मग वाटणी होते. विजेत्याला मोठा भाग मिळतो यात वाद नसतो. तीन वाटे विजेत्याला, एक वाटा आव्हानवीराला, असा साधारण प्रघात त्या काळी होता.

बोचा व्यवस्थापक रॉक न्यूमन याने मात्र वेगळेच गणित मांडले. तेव्हा जाहीर झालेले आकडे असे होते : एकूण ३ कोटी २० लाख डॉलर, त्यातले सुमारे २ कोटी ९० लाख बोला आणि ३० लाख लुईसला. म्हणजे नव्वदास दहा. लुईसच्या बाजूने नकार आला.

न्यूमनची बाजूही आम्ही पाहू, कारण तो मूर्ख नव्हता. बो अमेरिकन होता, तिन्ही पट्टे त्याच्याकडे होते, टीव्हीवाले त्याच्या मागे होते. लुईसचे नाव अमेरिकेच्या बाजारात अजून नवे होते. शिवाय ३० लाख डॉलर ही काही खैरात नव्हे. आणि न्यूमनला एक गोष्ट ठाऊक होती, ती म्हणजे सोपे प्रतिस्पर्धी मिळत असताना अवघड माणसाशी लढण्यात जोखीम आपली असते. ज्याने एकदा हरवले आहे तो पुन्हा हरवू शकतो. तेव्हा त्याच्याशी लढायचेच तर जोखमीची पुरेपूर किंमत घेऊन, नाहीतर नाही. इथपर्यंत हिशेब व्यापाऱ्याचाच आहे.

घोटाळा झाला तो पुढे. डब्ल्यूबीसीने तगादा लावला की लुईसशी लढा, नाहीतर पट्टा सोडा. १४ डिसेंबर १९९२ ला बो लंडनला, म्हणजे लुईसच्याच गावी गेला, पत्रकारांना बोलावले आणि तो हिरवा पट्टा त्यांच्यासमोर कचऱ्याच्या डब्यात टाकून दिला. लुईसला हवा असेल तर त्याने तो कचऱ्यातून उचलून घ्यावा, अशा अर्थाचे तो बोलला. छायाचित्रे जगभर छापून आली. बोच्या मंडळींना वाटले की आपण संस्थेच्या दादागिरीला चांगला तडाखा दिला. त्या संस्थेचा कारभार फार निर्मळ होता असे आम्हीही म्हणणार नाही.

पण पट्टा कचऱ्यात राहिला नाही. संस्थेने लुईसचा रुडॉकवरचा विजय विजेतेपदाच्या तोडीचा मानला आणि त्याला जगज्जेता जाहीर केले. कालपर्यंत जो दहा टक्क्यांचा आव्हानवीर होता, तो एकही ठोसा न मारता विजेता झाला. बोने आपल्या तिजोरीतले भांडवल काढून समोरच्या दुकानदाराच्या गल्ल्यात टाकले, ते फुकट आणि वर त्याची जाहिरात करून! आता पुन्हा बोलणी करायची तर ती विजेता आणि विजेता यांच्यात होणार. म्हणजे लुईसचा भाव वाढला. बोचा मात्र उतरला, कारण 'निर्विवाद' हा शब्द त्याच्या नावापुढून गेला.

पुढचे थोडक्यात. १९९३ मध्ये बोने मायकेल डोक्सला पहिल्या आणि जेसी फर्ग्युसनला दुसऱ्या फेरीत झोपवले. पैसा मिळाला, पण पाहणाऱ्यांच्या मनात प्रश्न लुईसचाच राहिला. ६ नोव्हेंबर १९९३ ला वाढलेले वजन घेऊन तो होलिफील्डसमोर उभा राहिला आणि उरलेले पट्टेही गमावून बसला. इकडे लुईसने टोनी टकर, फ्रँक ब्रुनो आणि फिल जॅक्सन यांना हरवले. मग २४ सप्टेंबर १९९४ ला लंडनच्या वेम्ब्लीत ऑलिव्हर मॅककॉलने त्याला दुसऱ्या फेरीत पाडले. आता दोघेही हरलेले. ज्या लढतीचे ३ कोटी २० लाख डॉलर मोजले जात होते, तिचे तेवढे कोण देणार? फळ झाडावर पिकले तेव्हा वाटणीवरून भांडत बसले, आणि वाटणीची तयारी झाली तेव्हा फळ नासलेले होते.

आम्हाला कोणी विचारले की दोष कोणाचा, तर आम्ही नव्वदास दहाच्या मागणीला फार दोष देणार नाही. पहिला भाव चढाच सांगतात, हे बाजारात बसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पाऊणास पावापर्यंत खाली उतरायला जागा होती. लुईसच्या बाजूनेही थोडे पडते घेता आले असते, कारण बोला हरवले असते तर पुढच्या सगळ्या गल्ल्यांवर हुकूम त्याचाच चालणार होता. पण चारचौघांत, कॅमेऱ्यासमोर समोरच्याची चीज कचऱ्यात टाकल्यावर परत येऊन बसायला बैठक राहत नाही. बोलणी खोलीत मोडली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जोडता येतात. बाजारात मोडली की दोघांनाही आपापली इभ्रत सांभाळावी लागते, आणि इभ्रतीचा भाव डॉलरमध्ये लागत नाही.

तारखांचा योगही पाहण्यासारखा आहे. पट्टा कचऱ्यात टाकल्याला बरोबर चार वर्षे झाली त्या दिवशी, १४ डिसेंबर १९९६ ला, बो अटलांटिक सिटीत अँड्र्यू गोलोटाकडून मार खात होता. गोलोटाने कमरेखाली ठोसे मारल्यामुळे तो बाद झाला आणि विजय बोच्या नावावर लागला, पण मोठ्या लढतींतून बो तिथेच संपला. आणि बोने होलिफील्डकडून तिन्ही पट्टे घेतले ती १३ नोव्हेंबर ही तारीख सात वर्षांनी पुन्हा आली. १९९९ च्या त्या दिवशी, त्याच लास वेगासमध्ये, त्याच होलिफील्डला हरवून निर्विवाद जगज्जेता झाला तो लेनॉक्स लुईस.